प्रत माहितीस्तव

अंकुश गजभियेने आयुष्यात एकच काम मनापासून केलं होतं. ढिगातून थोडंसं उचलायचं आणि सगळ्या ढिगाबद्दल मत द्यायचं. याचा त्याला पगार मिळे. कन्हानकडच्या खाणींतला कोळसा वीजघरांकडे निघण्याआधी त्याचं सॅम्पल घ्यायचं, ते कुटायचं, चाळायचं, वाटून थैल्यांत भरायचं, प्रयोगशाळेत पाठवायचं आणि आलेल्या आकड्यावरून ग्रेड लावायची, असं वीस वर्षं चाललं होतं. या वीस वर्षांत त्याने लावलेली ग्रेड एकदाही बदलली नव्हती. ही माहिती त्याने स्वतःच इतक्या जणांना दिली होती की कामठीच्या चहाटपरीवर तो दिसला की लोक घाईघाईने क्रिकेटचा विषय काढत.

ही विद्या तो घरीही आणायचा. टरबूज बोटाने वाजवून त्याचा निकाल द्यायचा, तांदळाचा एक दाणा चावून अख्ख्या पोत्याला नापास करायचा. वरणाचा एक चमचा तोंडात टाकून मीठ कमी असल्याचं जाहीर केलं की त्याची बायको मेघा म्हणायची, "आधी ढवळा त खरं जी." मेघा जरीपटक्याच्या शाळेत पीटी शिकवायची आणि तिच्याशी वाद घालायला मुख्याध्यापकही कचरत. अंकुश मात्र कचरत नसे, कारण समोरचा काय म्हणतोय हे ऐकायची सवय त्याला फारशी नव्हती.

अशा या माणसाला बेचाळिसाव्या वर्षी कळलं की आपल्या होणाऱ्या लेकराचं सॅम्पल दुसऱ्याच कुणीतरी घेतलं आहे, आणि आलेला आकडा धड पासही नाही आणि धड नापासही नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मेघाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा अडीच महिन्यांत सगळं संपलं. त्यानंतर दोन वर्षं घरात कुणी तो विषयच काढला नाही. मग मेघानेच एक दिवस धंतोलीतल्या डॉ. भैरवी पेंढारकरांचं नाव आणलं आणि म्हणाली, एकदा शेवटचं पाहू. मेघाचं वय एकोणचाळीस. डॉक्टर म्हणाल्या, गर्भ बाहेर तयार करू, पण पोटात सोडण्याआधी त्याच्या गुणसूत्रांची तपासणी करून घेऊ, म्हणजे पुन्हा तेच दुःख नको. तपासणी हा शब्द ऐकल्याबरोबर अंकुशने खुर्ची पुढे ओढली.

त्याच्या घरात नवस, उपास, अंगारेधुपारे छप्पन सालीच बंद झाले होते. आजोबा दीक्षा घेऊन दीक्षाभूमीवरून चालत इंदोऱ्याला आले आणि त्या दिवसापासून घरात बुद्धवंदना. कुणी नातेवाईक कानाशी लागून एखाद्या बाबाचं नाव सुचवायचा, तर अंकुश त्याला तासभर विज्ञान ऐकवायचा. पण खरं सांगायचं तर श्रद्धा त्याच्यातून गेलीच नव्हती, ती प्रयोगशाळेच्या शिक्क्यावर जाऊन बसली होती. शिक्का मारलेला कागद दिसला की हा माणूस विरघळायचा. मेघाच्या पहिल्या सोनोग्राफीचा कागद त्याने लॅमिनेट करून आणला होता.

मार्च महिन्यात मेघाची नऊ बीजं काढली, त्यातली सहा फळली आणि सहाव्या दिवसापर्यंत दोनच गर्भ टिकले. त्या दोघांच्या पाच-सहा पेशी काढून तपासणीला पाठवल्या, गर्भ गोठवून ठेवले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवराबायकोला निकाल ऐकायला बोलावलं. निकाल समजावून सांगायला गौरांग नावाचा एक तरुण समुपदेशक होता. पुण्याकडे शिकून आलेला, चष्मा लावलेला आणि फार हळू बोलणारा.

"पहिल्या गर्भाचा निकाल स्पष्ट आहे," तो म्हणाला. "दुर्दैवाने तो टिकणारा नाही. दुसरा मोझेइक आहे."

"म्हणजे आमच्या घरच्या फरशीसारखा?" अंकुशने विचारलं.

"तसंच समजा. एकाच फरशीत दोन रंगांचे तुकडे. काही पेशींत गुणसूत्रं बरोबर आहेत, काहींमध्ये चौथ्या जोडीतलं एक कमी आहे. साधारण पस्तीस टक्के. हाही अंदाजच, एकेक पेशी मोजलेली नसते."

"पास का नापास, तेवढं सांगा."

"तसं सांगता येत नाही," गौरांग म्हणाला. "असे गर्भ सोडून निरोगी मुलं झालेली आहेत, बरीच. पण गर्भ न रुजण्याची किंवा मध्येच पडण्याची शक्यता थोडी जास्त असते. क्वचित कधी दोष बाळात उतरूही शकतो. म्हणून सोळाव्या आठवड्यात गर्भाशयातलं पाणी तपासायचं."

मेघाने काही विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात अंकुशने कागदावर बोट ठेवलं. "हा रकाना काळा काहून केला?"

तो रकाना लिंग सांगणाऱ्या जोडीचा होता. गौरांगने भिंतीकडे मान वळवली. तिथे हातभर अक्षरांत पाटी होती की इथे लिंगनिदान होत नाही आणि तसं विचारणंही गुन्हा आहे. झाकलेला रकाना दिसला की संशय घ्यायचा, हा अंकुशचा नोकरीतला धर्म. आता त्याच धर्माने त्याला चोरासारखं लाल करून ठेवलं. तरी तो गप्प बसला नाही.

"सॅम्पल किती ठिकाणाहून घेतलं?"

"एकाच."

"एकाच? आम्ही कोळशाचं घ्यायचं म्हटलं त अख्खी मालगाडी, रेकभर फिरतो! आणि घेतलं कुठून?"

गौरांगने कागदावर गोल काढला. गोलाच्या आत एका बाजूला ठिपक्यांचा पुंजका काढला. "या आतल्या पुंजक्याचं बाळ होतं. बाहेरच्या थराची वार होते. पेशी बाहेरून घेतात, बाळाच्या भागाला हात लावायचा नसतो."

"म्हणजे लेकराले तुम्ही हातच नाही लावला. मंग लेकराचा रिपोर्ट आला कुठून?"

"हा अंदाज आहे, सर. मी तेच सांगतोय."

"ठीक आहे. रेफरी सॅम्पल काढा मंग."

गौरांगला कळलं नाही. तेव्हा अंकुशने त्याला सविस्तर शिकवलं, की कोळशाचं सॅम्पल वाटून त्यातली एक थैली सील करून बाजूला ठेवतात. विकणारा आणि घेणारा यांच्यात वाद झाला की ती फोडायची आणि तिचा निकाल अखेरचा मानायचा. त्या थैलीला रेफरी म्हणतात. मेघाने मधे दुसऱ्यांदा तोंड उघडलं होतं आणि दुसऱ्यांदा मिटलं होतं. गौरांगने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की इथे रेफरी नसतो.

घरी अंकुशची आई वाट पाहत होती. कौसल्याबाई महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या, त्यामुळे डॉक्टर, रिपोर्ट आणि सरकारी कागद यांना त्या अजिबात घाबरत नसत. अंकुशने त्यांना पस्तीस टक्के, पासष्ट टक्के, बाहेरचा थर आणि आतला पुंजका असं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू झाला तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईनं तुले उलटंपालटं करून पाहिलं, आन म्हणे, कौसल्या, एकदम फस्टक्लास पोट्टं आहे, लय हुशार निंघन. आता तूच सांग गा, थो रिपोर्ट तरी कुठी बरोबर आला?"

मेघा हसली. अंकुशला हसू आलं नाही, कारण त्याच्या डोक्यात तोवर एक पत्र तयार होत होतं.

ते पत्र त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसातच टाइप केलं. वीजघराशी वाद झाला की पाठवायचा एक साचा त्याच्या कॉम्प्युटरवर तयार असे. तोच उघडला आणि नावं बदलली. विषय, गर्भ क्रमांक दोनच्या सॅम्पलबाबत हरकत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर सॅम्पल एकाच ठिकाणाहून घेतले असल्याने ते संपूर्ण मालाचे प्रतिनिधित्व करीत नाही. सबब सदर मालाचे फेरसॅम्पलिंग करून निकाल कळविण्यात यावा. वाचताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. सबब हा शब्द फार चांगला बसला होता.

मेघाला त्याने सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन नको, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि ते स्वतःला पटलंही. ती नको म्हणाली असती, हे खरं कारण. पण ते त्याने मनाच्या पार कोपऱ्यात ढकलून ठेवलं. सही केली, स्कॅन केलं, क्लिनिकच्या मेलवर पाठवून दिलं आणि डबा खायला बसला.

आता साचा म्हटला की तो साचाच. वीस वर्षांत अंकुशच्या हातून पत्राखाली 'प्रत माहितीस्तव' लिहिल्याशिवाय एकही कागद गेला नव्हता. प्रत मुख्य व्यवस्थापकांना, प्रत गुणवत्ता विभागाला. इथे मुख्य व्यवस्थापक कोण? बोटं थांबली नाहीत, त्यांनीच विचार केला आणि त्यांनीच लिहिलं, 'प्रत माहितीस्तव: सौ. मेघा अंकुश गजभिये.' क्लिनिकच्या काउंटरवर भूमिका नावाची मुलगी होती. कामात पक्की. पत्राखाली प्रत लिहिली आहे म्हणजे प्रत गेली पाहिजे, म्हणून तिने मेघाचा नंबर शोधला आणि व्हॉट्सॲपवर प्रत पाठवून दिली. बायकोपासून लपवलेलं पत्र बायकोलाच पाठवायची व्यवस्था स्वतःच्या सहीनिशी करणारा माणूस नागपुरात हा एकच असावा.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. दुसऱ्या दिवशी मेघा मैदानावर सातवी ब ला कवायत शिकवत होती. मोबाइल वाजला, तिने पाहिलं आणि ती वाचत राहिली. पोरं तोवर सावधानमध्ये उभी. पंधरा मिनिटं झाली, उन्हं चढली, तरी कुणी हललं नाही, कारण मॅडम विश्राम म्हणायला विसरल्या होत्या.

अंकुश संध्याकाळी घरी आला तेव्हा कौसल्याबाई खिडकीतल्या कूलरमध्ये नळीने पाणी भरत होत्या आणि मेघा मोबाइल हातात घेऊन मधोमध बसली होती. चहा नव्हता. चहा नसल्यावरच त्याला अंदाज आला.

"हे काय होय जी?" मेघाने विचारलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. वर्गात परिपत्रक वाचावं तसं वाचलं. उपरोक्त विषयास, सदर सॅम्पल, सबब. कालपर्यंत भारदस्त वाटलेला प्रत्येक शब्द आता अंकुशच्या कानशिलावर बसत होता.

"माल कोण?" तिने थांबून विचारलं.

"थे ऑफिसची भाषा असते, मेघा. मनात तसं काही नव्हतं."

"आणि हे खालचं? प्रत माहितीस्तव, सौ. मेघा. माझ्या अंगातून काढलं. माझ्या पोटात जाणार. पडलं त माझंच पडणार. आणि मी माहितीस्तव?"

अंकुशने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कार्यवाहीस्तव लिहाले पाहिजे होतं गा," कौसल्याबाई कूलरकडून म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यात जिच्या अंगावर काम पडे तिले कार्यवाहीस्तव लिहत."

"आई, तू पाणी भर ना वं," अंकुश म्हणाला.

"भरूनच राहिली."

मेघा हसली नाही. तिने मोबाइल खाली ठेवला. "परवा तिथी दोनदा मी विचाराले गेली. दोन्ही वेळा तुम्हीच बोलून राहिले होते. मले काय विचारायचं होतं, हे तरी विचारलं का तुम्ही मंग? रस्त्यात? घरी? हे पत्र लिहून राहिले होते तेव्हा?"

"नाही."

"उद्या अर्धी सुट्टी टाका. जाऊ आपण. माझं विचारून होईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

त्या रात्री घरात चांगल्या झोपल्या त्या फक्त कौसल्याबाई. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे पुन्हा गौरांगसमोर बसले. टेबलावर अंकुशचं पत्र छापून ठेवलेलं होतं, आणि त्यातल्या 'माल' या शब्दाखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती. अंकुशने ती रेघ पाहिली आणि नजर पंख्याकडे वळवली.

मेघाने वहीतून प्रश्न लिहून आणले होते. पडायचं असलं तर साधारण कधी पडतं? सोळाव्या आठवड्याचा निकाल यायला किती दिवस लागतात? तो वाईट आला तर ठरवायला किती वेळ मिळतो, आणि तेव्हा ठरवायचा अधिकार कुणाचा? गौरांगने एकेक उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाला तो मेघाकडे पाहून म्हणाला, तुमचा, कायद्यानेही तुमचा. अंकुश ओठ दाबून बसला होता. शेवटी मेघाने वही मिटली आणि म्हणाली, "आता एक शेवटचं. तुम्हाले काय काय माहीत नाही, थे सांगा."

गौरांगने चष्मा काढला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा, कारण त्याचा चेहराच मोकळा झाला. तो दहा मिनिटं बोलला. दोष आतल्या पुंजक्यात आहे का, माहीत नाही. असला तरी वाढताना वाईट पेशी मागे पडतात का, कधी पडतात, कधी नाही, का ते पक्कं माहीत नाही. पस्तीस हा आकडा खरा पस्तीस आहे का, माहीत नाही. हा गर्भ न रुजला तर तो याच कारणाने रुजला नाही का, तेही कळणार नाही. अंकुशने आजवर इतका प्रामाणिक रिपोर्ट ऐकला नव्हता, आणि त्याला तो मुळीच आवडला नाही.

"आता तुम्ही विचारा," मेघा त्याला म्हणाली.

"फेरसॅम्पल," अंकुश म्हणाला. आवाज आपोआप लहान झाला होता.

"करता येतं," गौरांग म्हणाला. "गर्भ बाहेर काढून, ऊब देऊन, पुन्हा पेशी काढून, पुन्हा गोठवायचा. त्यात तो मरू शकतो. वाचला आणि निकाल शून्य टक्के आला, तर तुम्ही पहिला खरा मानाल की दुसरा?"

"तिसरा घेऊ." तोंडातून गेलं आणि अंकुशलाच ऐकू आलं.

"सर, सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास पेशी असतात. त्यातल्या सहा घेतल्यात. म्हणजे चार टक्के." गौरांगने अगदी निरागसपणे विचारलं, "तुमच्याकडे कोळशाच्या रेकमधून किती घेता?"

"चार हजार टनांतून सात-आठशे किलो." अंकुशने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. टक्का सोडाच, टक्क्याचा पन्नासावा भाग. वीस वर्षं तो चार हजार टनांना एवढ्याशा ढिगावरून नावं ठेवत आला होता आणि कुणी ब्र काढला तर अंगावर जात होता. आणि इथे, जिथे त्याच्या दोनशेपट सॅम्पल घेतलं होतं, तिथे हा पोरगा हात जोडून सांगत होता की पक्कं काही नाही. अंकुशला खुर्चीत जरा खाली सरकून बसावंसं वाटलं, आणि तो सरकलाही.

बाहेर पडून दोघे उसाच्या रसाच्या गाडीवर थांबले. लिंबाच्या सावलीत बाकडं होतं. मेघाने ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही.

"घाबरले ना तुम्ही?" तिने विचारलं.

अंकुशने आधी नाही म्हणायला मान हलवायला घेतली, मग मधेच थांबवली. "हाव. दोन वेळा तुले दवाखान्यातून घरी आणलं मी. दुसऱ्या वेळी तू रिक्षात एक शब्द नाही बोलली. मले वाटलं, आता तू कधीच बोलणार नाही. मले असा एक कागद पाहिजे होता वं, ज्याच्यावर लिहिलं असन का आता तसं नाही होणार. शिक्क्यासकट."

"असा कागद कोणी देत नाही."

"थे आता समजलं."

मेघाने रसाचा एक घोट घेतला. "मले बी भीती वाटते. तुमच्यापेक्षा जास्त वाटते, मले त दोन्ही वेळचं अंगाले माहीत आहे. पण हा एकच आहे आपल्याजवळ. त्याले मधात पुन्हा पुन्हा टोचून मारून टाकाचं, आणि मंग म्हणाचं का बरं झालं, खात्री केली? मी त्याले एक संधी देणार. पडलं त रडू. सोळाव्या आठवड्यात वाईट निंघालं त तेव्हा दोघं बसून ठरवू. आतापासून काहून मरायचं?"

अंकुशला एकदम सगळं बोलून टाकावंसं वाटलं. "मेघा, एक सांगू? माझी ग्रेड वीस वर्षांत बदलली नाही म्हणतो ना मी. रेफरीची थैली फोडाले अर्ज लागतो, आन तेवढी कटकट कोणी करतच नाही. माझ्या थैल्या कोणी उघडल्याच नाही. आन मे महिन्यात आम्ही सारेजण रेकच्या सावलीच्या बाजूनंच सॅम्पल घेतो. उन्हाच्या बाजूले कोणी जातच नाही."

मेघाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती इतकी हसली की रसवाल्याने चरक थांबवला. हसता हसताच तिने डोळे पुसले. "आणि वरणात मीठ कमी म्हणता," ती म्हणाली.

तिथूनच मागे फिरून, क्लिनिकच्या काउंटरवर, अंकुशने हाताने पत्र लिहिलं. आधीचं पत्र रद्द समजावं, गर्भ क्रमांक दोन सोडायला आमची संमती आहे. सबब लिहिलं नाही. वर मेघाने सही केली, खाली त्याने. भूमिकाने पत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "सर, प्रत कोणाले?" अंकुश म्हणाला, "कोणालेच नाही."

गर्भ सोडायचा दिवस आला तो नेमका नवतपात, मेअखेरच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत. नागपुरात पारा शेहेचाळीस. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं आणि सकाळी नऊलाच माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून पळत होती. ऊन लागू नये म्हणून कौसल्याबाईंनी निघताना दोघांच्या खिशात एकेक कांदा टाकला. अंकुश त्यावर विज्ञान बोलला नाही. आत मात्र थंड होतं. मेघाला टेबलावर झोपवलं होतं. अंकुशला हिरवा डगला, टोपी आणि मास्क देऊन तिच्या डोक्याशी उभं केलं होतं. डगल्याचे बंद पुढे बांधायचे की मागे, हे त्याने कुणाला विचारलं नाही, त्यामुळे ते चुकीचे बांधले होते.

समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं. एक गोल, पारदर्शक, काठ जरा थरथरता. डॉ. भैरवी म्हणाल्या, "बघा, छान ऊब धरली आहे त्याने. पेशी काढल्या होत्या ना, ते छिद्र इथे आहे. तिथूनच कवचातून बाहेर यायला लागलाय."

मेघा मान वळवून बघत राहिली. तिचा हात वर आला आणि अंकुशच्या मनगटावर बसला. अंकुशही बघत होता. दोन महिने त्याने याला गर्भ क्रमांक दोन म्हटलं होतं, मोझेइक म्हटलं होतं, पस्तीस टक्के म्हटलं होतं, माल म्हटलं होतं. आज त्यातलं एकही नाव जिभेवर येईना.

"काही विचारायचंय, गजभिये?" डॉ. भैरवींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा धास्ती होती, कारण ते पत्र त्यांनीही वाचलं होतं.

अंकुशने मेघाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच विचारा म्हणून सांगितलं. प्रश्न तसे तयार होते. नळी कोणत्या कंपनीची, खोलीचं तापमान किती, सोडल्यावर नळी पुन्हा तपासता का. सगळे चांगले, जाणकार माणसाचे प्रश्न होते. त्याने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मॅडम, हे अडीच महिने उणे एकशे शहाण्णवमधी होतं म्हणे. बाळाले... थंडी वाजली असन का?"

खोलीत कुणीतरी मास्कच्या आत खोकल्यासारखं केलं. दीडशे पेशींच्या गोळ्याला ना कातडी असते, ना मज्जातंतू, हे अंकुशने स्वतः वाचलं होतं आणि आईला समजावूनही सांगितलं होतं. इतका अडाणी प्रश्न त्याने वीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता. आणि तरीही उत्तरासाठी तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचा मास्क वरून भिजत चालला होता.

डॉ. भैरवी हसल्या नाहीत. त्यांनी बारीक नळी हातात घेतली आणि मेघाच्या बाजूला वळल्या.

"आता नाही वाजणार," त्या म्हणाल्या.